चिटणिसांचा भाचा आणि संस्थेचे संकेतस्थळ

महाराष्ट्रातील सार्वजनिक संस्थांच्या संकेतस्थळांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने प्रथम संगणकशास्त्राकडे न वळता नात्यागोत्यांच्या शास्त्राकडे वळावे, हे अधिक श्रेयस्कर ठरते. कारण वाचनालय असो, व्यायामशाळा असो, गृहनिर्माण संस्था असो की ज्ञातिबांधवांचे वधूवर सूचक मंडळ असो, तिचे संकेतस्थळ कोणत्या प्रणालीवर चालते हे सभासदांपैकी क्वचितच कोणाला सांगता येते, परंतु ते कोणाच्या भाच्याने करून दिले हे मात्र शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सर्वांना ठाऊक असते. या विषयावरील तांत्रिक ग्रंथांत सर्व्हर, डोमेन, डेटाबेस अशा घटकांचे सविस्तर विवेचन आढळते आणि भाच्याचा मात्र उल्लेखही आढळत नाही, ही त्या ग्रंथांतील गंभीर उणीव मानावी लागेल.

भाच्याचा उदय कार्यकारिणीच्या सभेत होतो. संस्थेचे संकेतस्थळ असावे असा ठराव एकमताने संमत होतो, तीन ठिकाणांहून दरपत्रके मागवली जातात, त्यांतील सर्वांत कमी रक्कमही वाचनालयाच्या वर्षभराच्या दिवाळी अंकांच्या खर्चाहून अधिक असल्याचे उघड होते, आणि त्यानंतर पसरलेल्या शांततेत चिटणीस घसा साफ करून म्हणतात, “आमचा भाचा कंप्युटरमध्ये आहे.” ‘कंप्युटरमध्ये असणे’ ही संकल्पना अतिशय व्यापक असून तिच्यात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला विद्यार्थी, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसणारा होतकरू तरुण आणि बंगळूरमध्ये एखाद्या अमेरिकी विमा कंपनीच्या प्रणालीचा सहस्रांश भाग सांभाळणारा अभियंता या सर्वांचा समावेश होतो, आणि अशा कोणालाही प्रिंटर सुरू करणे, चुकून पुसलेली बारशाची छायाचित्रे परत आणणे आणि संकेतस्थळ उभारणे ही तिन्ही कामे सारखीच येतात, असे गृहीत धरले जाते.

या कामी मुलाची निवड न होता भाच्याचीच का होते, याचे कारण उघड आहे. मुलगा वडिलांना नाही म्हणू शकतो, किंबहुना म्हणतोच. जावयाला काम सांगण्याची रीत नाही. आणि परक्या माणसाला पैसे द्यावे लागतात. भाच्याने मात्र लहानपणी मे महिन्याच्या सुट्ट्या मामाकडे काढलेल्या असतात, तेथील आंबे खाल्लेले असतात, आणि त्या आंब्यांची वसुली कधीतरी होणार याची अस्पष्ट जाणीव त्याला असतेच. भाच्यांप्रमाणे भाच्याही या क्षेत्रात पारंगत असतात, नव्हे अधिक वक्तशीर असतात. परंतु त्यांच्याकडे पन्नास वर्षांच्या अहवालांचे टंकलेखन सोपवण्याची आणि उद्घाटनाच्या दिवशी शाल भाच्याला देण्याची प्रथा अद्याप टिकून आहे.

भाच्याची पहिली गाठ संस्थेच्या संगणकाशी पडते. हा संगणक देणगीरूपाने आलेला असल्याने त्याच्या पडद्याच्या कडेवर कोणाच्या तरी स्मरणार्थ अशी अक्षरे रंगवलेली असतात, त्यावर प्लॅस्टिकचे आवरण असते, आणि खंडेनवमीला त्याला हळदकुंकू व झेंडूची फुले वाहिली जातात, त्यांपैकी काही पाकळ्या मागच्या पंख्यात पुढल्या खंडेनवमीपर्यंत राहतात. वीज गेल्यावर काही मिनिटे संगणक चालू ठेवणारे जे यूपीएस नावाचे उपकरण त्याच्या शेजारी असते, त्याची बॅटरी फार पूर्वी निकामी झालेली असल्याने वीज गेल्यावर ते फक्त ओरडते आणि संगणक त्याच्या आधीच बंद पडलेला असतो. पडद्यावर ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर दोन’ अशी सोळापर्यंत चढत जाणारी मालिका असून संस्थेचा इतिहास त्यांपैकी नेमका कोणत्या फोल्डरमध्ये आहे, हे निवृत्त झालेल्या लेखनिकालाच माहीत असते.

तो इतिहास सापडला, तरी वाचता येईलच असे नाही. पूर्वीच्या मराठी फॉन्टांमध्ये देवनागरी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. म्हणजे संगणकाच्या लेखी तेथे एखादे रोमन अक्षरच असे आणि तो फॉन्ट असलेल्या यंत्रावर त्याचे रूप ‘क’सारखे दिसे, एवढेच. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर ‘संस्थापकांचे मनोगत’ उघडल्यास पडद्यावर रोमन अक्षरे, कंस आणि टक्केवारीची चिन्हे यांची अशी काही दाटी होते, की संस्थापकांचा देहान्त कोणत्या मनःस्थितीत झाला असावा याविषयी शंका यावी. वास्तविक भारतीय लिप्यांसाठी सामाईक संकेतप्रणाली १९९१ साली भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली होती, पुण्याच्या सी-डॅक संस्थेचे या क्षेत्रातील कार्य सर्वश्रुत होते, आणि जगातील प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायम क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्तीही, देवनागरीसह, त्याच १९९१ साली प्रसिद्ध झाली होती. परंतु संस्थेचे अहवाल ज्या डीटीपी केंद्रात तयार होत, त्याच्या मालकाला जुना फॉन्ट हाताला बसलेला होता. आणि महाराष्ट्रात हाताला बसलेली गोष्ट आंतरराष्ट्रीय मानकामुळे सुटल्याचे उदाहरण अपवादानेच सापडते.

यानंतर डोमेनचा, म्हणजे महाजालावरील पत्त्याचा, प्रश्न येतो. महाजालावरील प्रत्येक यंत्राची ओळख वस्तुतः एका अंकमालिकेने होते, परंतु माणसांना अंक लक्षात राहत नसल्याने त्यांना नावे दिली जातात. आरंभी ही सर्व नावे एकाच यादीत असत आणि ती यादी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथील एका संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा विभाग सांभाळत असे. नवे यंत्र जोडायचे, तर त्यांच्या कार्यालयाला कळवून यादीत नाव घालून घ्यावे लागे. यंत्रे वाढली तशी ही व्यवस्था अपुरी पडू लागली आणि १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी आजची वितरित नामव्यवस्था मांडली, जिच्यात कोणत्याही एका यादीत सर्व नावे नसतात आणि प्रत्येक सर्व्हर विचारणाऱ्याला पुढच्या सर्व्हरकडे पाठवतो. सरकारी कचेरीत एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीकडे पाठवले गेलेल्या कोणालाही या व्यवस्थेचे तत्त्व निराळे समजावून सांगावे लागत नाही. फरक एवढाच, की येथे उत्तर क्षणार्धात मिळते.

पत्ता निवडण्याच्या सभेत ‘सार्वजनिक’ हा शब्द रोमन लिपीत एका ‘ए’ने लिहावा की दोन, ‘वाचनालय’मधील ‘व’साठी ‘व्ही’ घ्यावा की ‘डब्ल्यू’, यावर दोन तट पडतात आणि अखेर दोन्ही तटांना सारखाच अमान्य असलेला पत्ता बहुमताने मंजूर होतो. एखादे भाषाभिमानी सभासद पत्ताच देवनागरीत असावा असा आग्रह धरतात, आणि तो अशक्य मुळीच नाही, कारण ‘.भारत’ हे देवनागरी डोमेन २०१४पासून उपलब्ध आहे. परंतु जुनी नामव्यवस्था रोमन अक्षरे, अंक आणि आडवी रेघ यांपलीकडे काही जाणत नसल्याने असा पत्ता आतून ‘एक्स’, ‘एन’ आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या एका अगम्य रोमन मालिकेत रूपांतरित होतो, आणि तो ईमेलमध्ये चिकटवला की अनेकदा त्याच वेषात बाहेर येतो. भाषाभिमानी सभासद यामागे कोणाचा तरी हात असल्याचे सभेच्या निदर्शनास आणतात.

पत्ता मिळाल्यावर तो सर्वत्र एकाच वेळी दिसू लागत नाही, हे सत्य पचवणे कार्यकारिणीला अधिक जड जाते. वाटेतील सर्व्हर एकदा मिळालेले उत्तर ठरावीक मुदतीपर्यंत स्वतःजवळ जपून ठेवतात आणि ती मुदत संपेपर्यंत पुन्हा चौकशी करीत नाहीत. म्हणून बदल सर्वदूर पोहोचण्यास चोवीस ते अठ्ठेचाळीस तास लागू शकतात, असे सांगण्याची पद्धत आहे. या काळात संकेतस्थळ चिटणिसांच्या घरी दिसते, अध्यक्षांच्या घरी दिसत नाही आणि कोषाध्यक्षांना सकाळी दिसते व दुपारी दिसत नाही. ज्या संस्थेच्या मागील निवडणुकीत दोन पॅनेले उभी होती, तिला या घटनेचे तांत्रिक स्पष्टीकरण पटवून देणे कोणत्याही भाच्याच्या आवाक्याबाहेरचे असते. “मामा, त्यांना रीफ्रेश करायला सांगा,” असे तो दूरध्वनीवर सांगतो. “अरे, ते म्हणतात केलं, आणि आता सगळंच गेलं,” असे उत्तर येते.

होस्टिंग म्हणजे संकेतस्थळाच्या फाइली सदैव चालू असलेल्या एखाद्या यंत्रावर भाड्याने ठेवणे. सार्वजनिक संस्था अर्थातच सर्वांत स्वस्त प्रकार निवडतात, ज्याला सामाईक होस्टिंग म्हणतात आणि ज्यात शेकडो संकेतस्थळे एकाच यंत्रावर चाळीतील बिऱ्हाडांप्रमाणे नांदतात. शेजारच्या बिऱ्हाडी कार्य निघाले, म्हणजे तेथे अचानक गर्दी झाली, की आपल्याकडचे पाणी बारीक होते. या योजनेच्या जाहिरातीत जागा अमर्याद असल्याचे म्हटलेले असते, आणि ते खोटे नसते, कारण मर्यादा जागेला नसून फाइलींच्या संख्येला असते व ती अटींच्या त्या परिच्छेदात दिलेली असते, जेथपर्यंत कोणीही वाचत नाही. पहिल्या वर्षाचे भाडे चहापानाच्या खर्चात बसते, दुसऱ्या वर्षापासूनचे बसत नाही. पण दुसरे वर्ष उजाडेपर्यंत कार्यकारिणी बदलणार असल्याने त्याची चिंता करण्याचे कारण चालू कार्यकारिणीस दिसत नाही.

“पण ते नेमकं ठेवलंय कुठे?” हा एका ज्येष्ठ सभासदाचा प्रश्न बाकीच्यांच्या हसण्यात विरून जातो, आणि भाचा ‘क्लाउडवर’ असे सांगून विषय मिटवतो. हा प्रश्न हसण्याजोगा नव्हता, हे १० मार्च २०२१ रोजी जगाला कळले. त्या दिवशी फ्रान्समधील स्ट्रासबूर येथे ओव्हीएच या मोठ्या होस्टिंग कंपनीची एक संपूर्ण इमारत आगीत जळाली, लाखो संकेतस्थळे बंद पडली, आणि राखीव प्रत ठेवण्यासाठी वेगळे पैसे मोजलेल्या काही ग्राहकांना असे आढळले की ती प्रतही जळालेल्या जागेतच ठेवलेली होती. ढगाला आग लागू शकते, आणि लागल्यास ती विझवण्यासाठी नेहमीचाच बंब लागतो, हे ज्ञान त्या ज्येष्ठ सभासदास आधीपासूनच असावे.

फाइली ठेवण्याची सोय झाली की भाचा वर्डप्रेस ही प्रणाली बसवतो. जगातील पाचांपैकी सुमारे दोन संकेतस्थळे आज या विनामूल्य प्रणालीवर चालतात आणि तिची स्थापना पाच मिनिटांत होते अशी तिची ख्याती आहे. ती यथार्थही आहे, परंतु त्या पाच मिनिटांनंतर उरलेले सहा महिने अध्यक्षांच्या छायाचित्राचा आकार ठरवण्यात जातात. या प्रणालीत संकेतस्थळाच्या रूपाला थीम म्हणतात आणि तिला चिकटवायच्या उपयुक्त जोडांना प्लगइन म्हणतात. थीम परदेशी बनावटीची असल्याने ‘आमचे कार्यकर्ते’ या मथळ्याखाली काही काळ सुटाबुटातील गौरवर्णीय मंडळी हसत उभी असतात, आणि ‘आमच्याविषयी’ या पानावर सिसेरो या रोमन वक्त्याच्या इसवी सनापूर्वी ४५ सालच्या ग्रंथातील मोडतोड केलेला लॅटिन मजकूर असतो, जो छापखान्यांत नमुन्यादाखल वापरला जात असे व तेथून संगणकावर आला. मूळ उताऱ्याचा आशय असा आहे, की दुःखावर केवळ ते दुःख आहे म्हणून कोणी प्रेम करीत नाही. संस्थेच्या ध्येयधोरणांऐवजी हे वाक्य कित्येक महिने प्रसिद्ध होत राहिले, तरी एकाही सभासदाची हरकत येत नाही, यावरून ते पान किती जण वाचतात याचा अंदाज बांधता येतो.

प्लगइनांची निवड मात्र कार्यकारिणी जातीने करते. उजवीकडून डावीकडे सरकणारी सूचनांची पट्टी, आपोआप बदलणारी छायाचित्रे, आणि भेट देणाऱ्यांची संख्या दाखवणारा गणक यांवाचून संकेतस्थळ पूर्ण होत नाही; त्यांतील गणक हा सर्वांत लोकप्रिय असून तो वाढला की नाही हे पाहण्यासाठी पदाधिकारी दिवसातून अनेकदा संकेतस्थळ उघडतात आणि त्यामुळे तो वाढतो. पुढे यथाकाल एखाद्या प्लगइनची नवी आवृत्ती येते, ती मूळ प्रणालीच्या आवृत्तीशी जुळत नाही, कोणीतरी ‘अद्ययावत करा’ असे म्हणणारे बटण आज्ञाधारकपणे दाबते, आणि संपूर्ण संकेतस्थळाच्या जागी निखळ पांढरा पडदा उरतो, ज्यावर पट्टी, छायाचित्रे आणि गणक यांपैकी काहीही नसते. काही सभासदांच्या मते हे रूप पूर्वीपेक्षा सुबक दिसते.

तोवर भाच्याच्या जीवनात स्थित्यंतर घडलेले असते. त्याला न्यू जर्सीत नोकरी लागते, जुना मोबाइल क्रमांक बंद होतो, आणि ज्या महाविद्यालयीन ईमेलवर त्याने डोमेन नोंदवले होते ते खाते पदवीबरोबर संपते. डोमेन हे विकत मिळत नसून मुदतीने मिळते, व मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरणाची स्मरणपत्रे पाठवली जातात. ती सर्व त्या मृत खात्यावर वेळेवर जातात. पासवर्ड कोणाला आठवत नाही, तो बदलण्याचा ओटीपी दुसऱ्याच कोणाच्या झालेल्या क्रमांकावर जातो, आणि तो कोण मनुष्य आहे हे कळत नसले तरी त्याला वाचनालयाचा कारभार हाती घेण्याची पूर्ण तांत्रिक पात्रता प्राप्त झालेली असते. सवलतीची मुदतही उलटली की पत्ता खुल्या बाजारात येतो, आणि काही आठवड्यांनी वाचनालयाच्या जागी ऑनलाइन रमीचे संकेतस्थळ झळकू लागते. त्यावर नोंदणी करणाऱ्यांत वाचनालयाचे किती सभासद असतात, याची चौकशी करण्यासाठी नेमलेली समिती अहवाल सादर करीत नाही.

अशा प्रसंगी संस्थेने स्वतःला फार दोष देऊ नये. डिसेंबर १९९९मध्ये मायक्रोसॉफ्ट ही कंपनी हॉटमेलमध्ये प्रवेश देणाऱ्या आपल्या एका डोमेनचे नूतनीकरण करण्यास विसरली, असंख्य लोकांना ऐन नाताळात आपले टपाल उघडता येईना, आणि अखेर कंपनीशी संबंध नसलेल्या एका प्रोग्रॅमरने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरून ते डोमेन जिवंत केले. कंपनीला भाचा नव्हता. तो आयत्या वेळी आपणहून उगवला.

येथे या विवेचनाचा मुख्य सिद्धान्त समोर येतो, तो असा, की भाचा हे मराठी संस्थांचे व्यंग नसून ते संपूर्ण महाजालाचे अधिष्ठान आहे. वर्डप्रेस ज्या पीएचपी भाषेत लिहिलेले आहे, तिचा प्रारंभ १९९४ साली रासमुस लेरडोर्फ यांनी महाजालावरील आपला स्वतःचा परिचय किती जण पाहतात हे मोजण्यासाठी केलेल्या साधनांतून झाला, म्हणजे तिच्याही मुळाशी गणकच होता. स्वतः वर्डप्रेस २००३ साली निर्माण झाले ते अशा कारणाने, की बी-टू नावाच्या आधीच्या प्रणालीचा कर्ता काही महिने दिसेनासा झाला आणि ती वापरणारे एकोणीस वर्षांचे मॅट मुलनवेग व इंग्लंडमधील माइक लिटल यांना तिचे संगोपन आपल्याकडे घ्यावे लागले, चिटणिसांना ही घटना सांगितल्यास ते “म्हणजे त्यांचाही गेलाच का?” एवढेच विचारतील. बँकांपासून दुकानांपर्यंत असंख्य सर्व्हरांवरील गुप्त संवाद ज्या ओपनएसएसएल या प्रणालीवर विसंबून होता, तिच्यात एप्रिल २०१४मध्ये मोठे भगदाड आढळले, तेव्हा असे निष्पन्न झाले की ती सांभाळणारी मंडळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असून वर्षाकाठी देणग्या सुमारे २,००० डॉलर मिळत होत्या. आणि मार्च २०१६मध्ये एका प्रोग्रॅमरने नावाच्या वादावरून रागावून आपली सर्व विनामूल्य साधने सार्वजनिक साठ्यातून काढून घेतली, तेव्हा त्यांतील ११ ओळींच्या एका साधनाअभावी जगभरातील अनेक मोठ्या प्रकल्पांची जुळणी थांबली. त्या ११ ओळींचे कार्य मजकुराच्या डाव्या बाजूला रिकामी जागा सोडणे, एवढेच होते. मामाने भाच्याला दुखवू नये हा संकेत मराठी घरांत पूर्वापार पाळला जातो; मोठ्या कंपन्यांना तो त्या दिवशी समजला.

आता उपाययोजना. प्रत्येक नोंदणीकृत संस्थेकडे डेडस्टॉक रजिस्टर नावाची नोंदवही असते. तिच्यात खुर्च्या, कपाटे, पंखे आणि पाण्याचे पिंप यांची क्रमांकवार नोंद असते, आणि हिशेबतपासनीस दरसाल येऊन पिंप जागेवर आहे ना याची खातरजमा करतो. संकेतस्थळाची नोंद या वहीत कधीच होत नाही, कारण त्यावर रंगाने क्रमांक घालता येत नाही. ती होऊ लागणे अगत्याचे आहे: डोमेन कोणत्या तारखेला संपते, ते कोणत्या ईमेलवर नोंदवले आहे (आणि ते ईमेल संस्थेचेच असावे), पासवर्डाचे पाकीट कोणत्या कपाटात आहे, राखीव प्रत कोणत्या दुसऱ्या गावी आहे, एवढे चार रकाने पुरेसे होतात. पाचव्या रकान्यात भाच्याचे नाव असावे. आयकर नियमांनुसार संगणकावर दरसाल ४० टक्के घसारा धरला जातो. भाच्याच्या उत्साहावर त्याहून अधिक धरावा, आणि लग्नाच्या वर्षी तो पूर्णच निर्लेखित करावा. शेऱ्याच्या रकान्यात हिशेबतपासनिसाने स्वतः दूरध्वनी करून ‘उचलतो’ किंवा ‘उचलत नाही’ यांपैकी एक नोंद करावी. पहिली नोंद असेल तर संस्था महाजालावर आहे असे समजावे, आणि दुसरी असेल तर पुढच्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘कोणाचा भाचा कंप्युटरमध्ये आहे काय, यावर विचार करणे’ हा विषय अध्यक्षांच्या परवानगीने घ्यावा.